मंगळवारचं ऑडिट

धम्मपाल वास घेतल्याशिवाय दूध वापरत नाही. पंचवीस वर्षं जर्मनीत काढली, पाकिटावर तारीख ठळक छापलेली असते, तरी तो झाकण उघडतो, नाक खाली नेतो आणि मगच चहात ओततो. तारीख कोणी छापली? कंपनीनं. कंपनीचं काय जातंय? दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. धम्मपालचं तोंड पोळलेलं कोणाला आठवत नाही, पण फुंकर मात्र जन्मापासूनची आहे.

आणि आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला, तशी त्याला नोकरी मिळाली. स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनच्या मोठ्या कंपनीत तो पुरवठादारांची तपासणी करतो. बाहेरून येणारे सुटे भाग मोजायचे, चुकले तर का चुकले ते खणून काढायचं आणि वेळ पडली तर न कळवता त्यांच्या कारखान्यात जाऊन उभं राहायचं. जो माणूस दारातच हसून ‘सगळं ठीक आहे’ म्हणतो त्याचं कपाट आधी उघडायचं, हा त्याचा नियम. ऑफिसात त्याला ‘हेर गेनाऊ’ म्हणतात, म्हणजे ‘श्रीयुत अगदी-बरोबर’. जर्मन माणसांनी एखाद्याच्या काटेकोरपणाला हसावं, यातच सगळं आलं.

घरात तो आणि त्याची बायको नीला. नीला एका किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, लहान मुलांबरोबर काम करते. मंगळवारी तिला सुट्टी. एकुलती एक मुलगी यामिनी फ्रांकफुर्टजवळ एश्बॉर्नला नोकरीला. तिचा जन्म इथलाच. मराठी तिला सगळं कळतं, पण भांडण जर्मनमध्ये. या यामिनीनं उन्हाळ्यात घरी येऊन सांगितलं की तिच्याच ऑफिसातल्या निहारशी तिला लग्न करायचंय. निहार पुण्याचा. धम्मपालनं त्याला जेवायला बोलावलं, त्याच्या नोकरीपासून त्याच्या सायकलच्या ब्रेकपर्यंत सगळं तपासलं आणि कुरकुरत का होईना, पास केलं.

घोडं अडलं ते निहारच्या आईपाशी. विभावरीताई व्हिडिओ कॉलवर गोड बोलल्या, मुलीचं कौतुक केलं आणि शेवटी म्हणाल्या, “आमचा फारसा विश्वास आहे असं नाही हो. पण निहारचे आजोबा विचारतात, तर एवढी यामिनीची जन्मवेळ कळवाल का? नुसती पत्रिका करून ठेवू.”

पत्रिका या शब्दाशी धम्मपालचं वैर बापजाद्यांपासूनचं. त्याचे वडील कामठीला शिक्षक होते. छप्पन साली दीक्षा घ्यायला ते सायकलवरून नागपूरला गेले, ही गोष्ट धम्मपालनं गेर्लिंगेनमधल्या प्रत्येक मराठी माणसाला निदान एकदा तरी ऐकवलीय. वडील म्हणायचे, “ज्या पंचांगानं आपल्याला गावाबाहेर बसवलं, त्याला आपण कशाला विचारायला जायचं?” त्या पिढीतल्या बहुतेकांना जन्मतारीखसुद्धा शाळेच्या मास्तरांनी दिलेली, सगळे एक जूनचे. जन्मवेळ कुठून असणार? धम्मपालचं स्वतःचं लग्न बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर लागलं, रविवारी, कारण रविवारी सगळ्यांना सुट्टी होती.

तेव्हा विभावरीताईंना तो ताडकन म्हणाला, “आमच्याकडे पत्रिका नसते. आमच्याकडे मुलगी असते. ती पाहिलीत ना?”

पुढचं संभाषण दोन मिनिटांत हवापाण्यावर येऊन संपलं. मार्चमध्ये त्या जर्मनीला येणारच होत्या, तेव्हा बघू, असं ठरलं. यामिनी खोलीत जाऊन रडली. नीला काहीच बोलली नाही. तिनं कप उचलले, विसळले आणि जागेवर ठेवले.

बायकोचं हे गप्प राहणं धम्मपालच्या मनात राहून गेलं. आरडाओरडा करणारा पुरवठादार परवडतो, गप्प बसणारा नाही.

ऑक्टोबर सरता सरता त्याला एकेक गोष्ट दिसायला लागली. पहिल्यांदा दिसला तो फ्रिजमधला भात. मंगळवारी सकाळी नीला स्वतःपुरता भात काढून ठेवायची आणि संध्याकाळी तो तसाच असायचा. एका मंगळवारी त्यानं मनावर घेतलं नाही. पुढच्या मंगळवारी झाकण उघडून पाहिलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी भातावर चमच्यानं एक रेघ ओढून ठेवली. संध्याकाळी रेघ जशीच्या तशी.

“दुपारी जेवलीस?” त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

“बाहेर खाल्लं काहीतरी,” नीला म्हणाली.

मंगळवारचा उपास! त्याच्या मनात पाल चुकचुकली. पण त्यानं पुढे काही विचारलं नाही. ऑडिटच्या आधी कोणी पुरवठादाराला सावध करतं का?

मग बाल्कनी सुरू झाली. डिसेंबरातली थंडी, बाहेर नाक गळून पडेल अशी हवा, आणि जेवण झालं की ही बाई कोट चढवून बाल्कनीत. आभाळ भरलेलं असलं की चिडचिड करत आत यायची. गेर्लिंगेनच्या हिवाळ्यात आभाळ भरलेलंच असतं, त्यामुळे चिडचिड बरीच झाली. एकदा आभाळ उघडलं तेव्हा धम्मपाल पडद्याआड उभा राहिला. नीलानं टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद रबरानं बांधला होता. त्या लाल उजेडात तिनं काहीतरी पाहिलं, टॉर्च विझवला, आणि उजवा हात पूर्ण लांब करून पूर्वेकडे मूठ धरली. एक डोळा मिटला. ओठ हलत होते. मूठ थोडी सरकवून पुन्हा धरली. पूर्वेला, समोरच्या छपराच्या वर, एक तांबूस ठिपका होता. मंगळ असावा, एवढं इंजिनियरला कळत होतं.

धम्मपाल पडद्याआड गार पडला. लाल दिवा, मंगळवार, मंगळाकडे हात करून पुटपुटणं. या घरात! भिंतीवर बाबासाहेब असताना!

उरलंसुरलं फोननं पुरं केलं. नीलाची अलीकडे ऋचा नावाच्या कुणा मुलीशी ओळख झाली होती. कोण, तर “ओळखीची आहे, स्टुटगार्टला पीएच.डी. करते,” एवढंच. जानेवारीत एका संध्याकाळी नीला स्वयंपाकघरात तिच्याशी बोलत होती आणि धम्मपाल बाहेर बूट पुसत होता. बूट केव्हाच पुसून झाले होते.

“मंगळ अजून वक्रीच आहे गं,” नीला म्हणत होती. “कर्केतून मागे मिथुनेत आला. आता पुनर्वसूच्या अगदी जवळ. हो, विभावरीताईंना पण कळवलंय. त्या तर रोज विचारतात.”

झालं. हाताच्या कांकणाला आरसा कशाला? ऋचा मध्यस्थ, विभावरीताई गिऱ्हाईक आणि नीला घरभेदी. मुलीचं लग्न मोडू नये म्हणून हिनं पाठीमागून जन्मवेळ दिली, पत्रिका करवली, त्यात मंगळ निघाला आणि आता बाईसाहेब मंगळाची शांत करतायत. धम्मपालला त्या रात्री जेवण गेलं नाही. राग होताच, पण रागाच्या खाली भीती होती. मार्चमध्ये पाहुणे येतील, भटजी येईल, मुलगी पाटावर बसेल, आणि आपण कोपऱ्यात उभे राहून बघू. वडिलांची सायकल, ते सगळं, आपल्याच घरात बायकोनं मोडीत काढलं असेल. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

तरी त्यानं विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. बायको समोर पोळी वाढत होती. एक प्रश्न विचारला असता तर तिथेच सगळं संपलं असतं. पण प्रश्न विचारला की समोरचा उत्तर देतो, आणि उत्तर खोटं असू शकतं. प्रत्यक्ष पाहिलेलं खोटं नसतं.

पुढच्या मंगळवारी त्यानं ऑफिसात अर्धा दिवस मागून घेतला आणि यू-बानच्या, म्हणजे मेट्रोच्या, थांब्याजवळ बेकरीच्या आडोशाला उभा राहिला. नीला आली, चालण्यात घाई. ती पुढच्या डब्यात, हा मागच्या. शहरात उतरून तिनं एस-बान, म्हणजे लोकल, पकडली, यानंही पकडली. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, हातात कालचं वर्तमानपत्र. एका म्हाताऱ्या बाईनं त्याच्याकडे संशयानं पाहून आपली पर्स मांडीवर घेतली. धम्मपालला त्याचा फार राग आला.

नीला विद्यापीठाच्या स्टेशनावर उतरली. सरकत्या जिन्याच्या वर एक चष्मेवाली मुलगी उभी होती. “नीलाताई, आज उशीर!” ती ओरडली. म्हणजे हीच ऋचा. तिनं पिशवीतून एक लहानसा डबा काढून नीलाच्या हातात ठेवला, नीलानं तो उघडून बघितला, दोघी खळखळून हसल्या.

अंगारा! धम्मपालचं डोकं फिरलं. तिथेच खांबामागे उभं राहून त्यानं फोन काढला आणि विभावरीताईंना आवाजी निरोप धाडला. “नमस्कार. धम्मपाल बोलतोय. माझ्या मिसेसनी माझ्यापासून चोरून तुम्हाला यामिनीची जन्मवेळ दिलेली आहे, हे मला कळलंय. ती खोटी समजा. असं पाठीमागून जमवायचं असेल, तर हे लग्न आमच्याकडून मोडलं असं समजा.”

पाठवला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि तो दोघींच्या मागे निघाला.

दोघी एका मोठ्या इमारतीत शिरल्या, जिना उतरल्या आणि एका रुंद दारातून आत गेल्या. थोडं थांबून धम्मपालनंही दार लोटलं. आत उतरत्या रांगांचं भलंमोठं सभागृह. शे-दीडशे पोरं आणि त्यांच्यात पांढऱ्या केसांचे काही आजीआजोबा, हे बाहेरून ऐकायला येणारे. समोर पडद्यावर सूर्य आणि त्याच्याभोवती ग्रहांच्या कक्षा. सूर्यमालेची ओळख करून देणारा खगोलशास्त्राचा वर्ग होता तो. धम्मपाल सगळ्यात मागच्या रांगेत बसला.

प्राध्यापिका सांगत होती की मंगळ खरं तर मागे जात नाहीच. पृथ्वी आतल्या वाटेनं वेगात जाते आणि मंगळाला मागे टाकते. आउटोबानवर, म्हणजे हायवेवर, आपण एखादा ट्रक ओलांडतो तेव्हा तो ट्रक क्षणभर मागे सरकल्यासारखा दिसतो, तसं. मग तिनं विचारलं, घरून निरीक्षणं कोणी कोणी केली?

तिसऱ्या रांगेत नीला उभी राहिली.

सरकारी कचेरीत, डॉक्टरकडे, कुठेही जर्मन बोलायची वेळ आली की नीला त्याच्या तोंडाकडे बघायची. तीच नीला आता दीडशे माणसांत उभी राहून, अडखळत पण न थांबता जर्मनमध्ये सांगत होती, की लाल उजेडात नकाशा पाहिला की अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत, आणि हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश भरते, तीन बोटं पाच अंश, करंगळी एक. डिसेंबरात मंगळ पुनर्वसूच्या ताऱ्यापासून मूठभर आणि वर थोडा लांब होता, आता तो तीन बोटांच्याही आत आलाय. तिनं एक आकडा सांगितला तो प्राध्यापिकेनं हसून दुरुस्त केला. बाल्कनीत हातमोजा घातला होता का, तिनं विचारलं. नीलानं कपाळावर हात मारला. हो, जाड मोजा होता! सगळे हसले, नीला सगळ्यात जास्त हसली, आणि मग सगळ्या सभागृहानं बाकांवर मुठी आपटून ठकठक सुरू केली. धम्मपाल दचकला. इथे टाळ्या अशा वाजवतात, हे त्याला पंचवीस वर्षांत माहीत नव्हतं.

ऋचानं तोच डबा पुढे केला. नीलानं त्यातला लाडू काढून तोंडात टाकला.

धम्मपालनं घाईघाईनं फोन काढला. निरोप पुसायला हवा होता. पण त्याच्यापुढे दोन निळ्या खुणा उमटलेल्या होत्या. पुण्यात तो ऐकला गेला होता.

घरी तो आधी पोहोचला. त्याच्या पाठोपाठ यामिनीचा फोन आला. तिनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. “वारूम, पापा?” का, एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला. धम्मपाल जेवणाच्या टेबलाशी बसून राहिला. कोणत्याही कारखान्यात तो कधी असा, तपासला जाण्यासाठी, बसला नव्हता.

नीला आली. कोट न काढताच समोर बसली.

“विभावरीताईंचा फोन होता. तुमचा निरोप ऐकवला त्यांनी मला. एस-बानमध्ये, ऋचासमोर.”

“नीला, मला वाटलं...”

“काय वाटलं ते ऐकलं मी. आता माझं ऐका. त्यांनी जन्मवेळ मागितली. पुन्हा पुन्हा मागितली. दर वेळी मी नाही म्हटलं. तुमच्यासारखं तोंडावर फेकून नाही, बोलत राहिले. मी म्हटलं, तो मंगळ खरा कुठे आहे तो तर बघा. मी इथे बाल्कनीत जाते, त्या तिथे गच्चीत. गेल्या आठवड्यात त्या आपण होऊन म्हणाल्या, राहू द्या ती पत्रिका, आजोबांना मी सांगते. जमलं होतं सगळं. आणि आज तुम्ही मोडलंत.”

“पण मग मला सांगायचं नाही? वर्गाचं तरी? आज तुझ्या मागे येऊन शेवटच्या रांगेत बसलो, तेव्हा कळलं मला.”

“सांगितलं असतं तर ती प्राध्यापिका बरोबर शिकवतेय का, हे बघायला तुम्ही पहिल्या रांगेत येऊन बसला असता.” तिचा आवाज फाटला. “बी.एस्सी. अर्धं सोडून तुमच्याबरोबर इथे आले. एक गोष्ट मला कोणी न तपासता शिकायची होती. सत्र संपलं की सांगणार होते.”

धम्मपालनं पाण्याचा पेला पुढे सरकवला, तो तिनं बाजूला ठेवला.

“तुम्ही मागे आलात याचं एवढं नाही,” ती म्हणाली. “पण मी विकली गेले, असं वाटलं तुम्हाला. माझी आजी होती दीक्षाभूमीवर. कडेवर माझी आई, आणि उधार आणलेलं पांढरं लुगडं. चालत गेली होती ती, सायकल नव्हती आमच्याकडे. इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की तुझ्या घरचं कोण होतं तिथे. तुम्हाला वाटलं, हे सगळं माझ्याकडे तुमच्यामुळे आलं.”

लाजेनं धम्मपालचे कान तापले. त्यानं फोन उचलला, तिच्यासमोरच ठेवला, विभावरीताईंचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

“विभावरीताई, मी चुकलो. आज मी नीलाच्या मागे तिच्या वर्गापर्यंत गेलो होतो. तिनं तुम्हाला काही दिलेलं नव्हतं. मी जे बोललो ते साफ खोटं होतं. शिक्षा मुलांना देऊ नका.”

विभावरीताई बोलल्या, आणि आवाजात गोडी अजिबात नव्हती. “लग्न मुलांचं आहे, धम्मपालराव. ती करतीलच. मी आले नाही तर माझंच नाक कापलं जाईल. पण मला एक सांगा. मी जन्मवेळ मागितली तेव्हा तुम्ही मला अडाणी ठरवलंत, आणि बरोबर होतं ते. आता तुमचं सांगा. नीलाताईंनी मला काही दिलं नाही, हे तुम्हाला पटलंय ते त्या सांगतात म्हणून, की तुम्ही वर्गात जाऊन डोळ्यांनी पाहिलंत म्हणून?”

नीला त्याच्याकडे बघत होती. एक साधं वाक्य बोलायचं होतं, ती सांगते म्हणून. बोललं असतं तर घरात शांतता झाली असती. पण धम्मपाल दुसऱ्याचं खोटं पकडण्यात आयुष्य घालवलेला माणूस. स्वतःचं खोटं त्याला बोलता येईना.

“पाहिलं म्हणून,” तो म्हणाला.

नीलानं मान हलवली, जणू तिला हेच ऐकू येणार हे ठाऊक होतं. तिनं फोन आपल्याकडे ओढून घेतला.

“विभावरीताई, मार्चमध्ये या तुम्ही. लग्न माझ्याकडून पक्कं आहे,” ती म्हणाली. “यांना आपण तारीख कळवू.”